एकच फोन, चार देशांची सिमं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणी एमएसला निघालंय, कुणी ऑनसाइट, कुणाचे आईबाबा सहा महिन्यांसाठी नातवंडांकडे न्यू जर्सीला, कुणी बोटीवर. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच येतात म्हणून एकदाच सगळे इथे लिहून ठेवले. फोन अनलॉक असणं ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे, लोकांची अडचण होते ती त्याच्या पुढच्या गोष्टींनी.

अनलॉक फोन म्हणजे नेमकं काय? लॉक तर माझ्याही फोनला आहे, फिंगरप्रिंटचं.

ते नाही हो. हे सिमचं लॉक. अमेरिकेत वगैरे मोबाईल कंपनी स्वतःच फोन विकते, हप्त्यावर, आणि हप्ते फिटेपर्यंत त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालू देत नाही. आपल्याकडे ही पद्धत फारशी रुजलीच नाही, रिलायन्सचे जुने सीडीएमए हँडसेट आणि 2008 साली एअरटेल-व्होडाफोननं विकलेला आयफोन 3जी सोडला तर, त्यामुळे भारतात दुकानातून घेतलेला फोन जवळजवळ नेहमी अनलॉकच असतो. कॅनडानं 1 डिसेंबर 2017 पासून लॉक केलेले फोन विकायला बंदी घातली, जपाननं ऑक्टोबर 2021 पासून लॉक जवळपास बंद केलं, ब्रिटननं त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून. म्हणजे लॉकची खरी भीती उरली ती मुख्यतः अमेरिकेतून आलेल्या फोनची.

माझा फोन अनलॉक आहे का ते कसं बघू?

आयफोनवर सेटिंग, मग जनरल, मग अबाउट, खाली 'कॅरियर लॉक' दिसेल, त्याच्यासमोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असलं की झालं. अँड्रॉइडवर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणाचं वेगळ्या कंपनीचं सिम पाच मिनिटं टाकून बघणे. रेंज आली, कॉल लागला, विषय संपला. 'नेटवर्क अनलॉक पिन टाका' असं काही आलं तर लॉक आहे.

भाऊ अमेरिकेतून आयफोन आणतोय, तिकडे म्हणे फुकट मिळतो. घेऊ का?

फुकट नसतो. तो बहुतेक 36 महिन्यांच्या हप्त्यावर असतो आणि दर महिन्याच्या बिलात तेवढी सूट देतात, भावानं प्लॅन सोडला की उरलेले पैसे एकदम भरायचे. तोपर्यंत फोन लॉक. त्याला सांगा, ॲपलच्या दुकानातून पूर्ण पैसे देऊन घे आणि घेताना कुठल्याच कंपनीशी जोडू नकोस. हप्ते फिटले की कंपनी अनलॉक करून देते, आणि 2014 च्या कायद्यानं तिकडे फोन अनलॉक करणं कायदेशीरही झालंय. मार्केटात सिमखाली चिप सरकवून 'अनलॉक' करून देणारे भेटतात, त्यांच्या नादाला लागू नका, पुढच्या अपडेटला तो फोन परत मुका होतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आयफोन 14 पासून अमेरिकेत विकलेल्या आयफोनला सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे कार्ड न टाकता फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम. आयफोन 17 मध्ये तर दुबई, सौदी, कतार, ओमान, कॅनडा, जपान इथलेही तसेच. जिओ, एअरटेल, व्हीआय ई-सिम देतात, त्यांचं अडत नाही. बाबांचा वीस वर्षांचा बीएसएनएल नंबर असेल तर मात्र फोन घेण्याआधी आपल्या सर्कलच्या ऑफिसात जाऊन विचारून या.

भारतात घेतलेला फोन अमेरिकेत चालेल का? दुकानदार म्हणतो सगळीकडे चालतो.

दुकानदाराला तिकडे जायचं नाहीये. अनलॉक असणं म्हणजे फोनची ना नाही एवढंच. पुढे दोन गोष्टी बघायच्या, बँड आणि व्होल्टी.

बँड म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर नेटवर्क चालतं ते. आपल्याकडे 4जी मुख्यतः बँड 3, 5, 8, 40, 41 वर, आणि 5जी एन78 वर, जिओचं एन28 वरही. अमेरिकेत 4जीचे बँड 2, 4, 12, 13, 66, 71 असे. त्यातला 71 हा टी-मोबाईल या तिकडच्या कंपनीचा, 600 मेगाहर्ट्झचा, लांब पल्ल्याचा आणि भिंतीतून आत पोचणारा, 12 आणि 13 पण तसेच. आता इथल्या पंधरा-वीस हजाराच्या फोनमध्ये 12, 13, 71 बऱ्याचदा नसतातच, कारण कंपनीनं तो फोन भारतासाठीच बनवलाय, तिकडचे बँड घालून खर्च कशाला वाढवायचा. मग होतं काय की शहरात फोन व्यवस्थित चालतो आणि युनिव्हर्सिटीच्या बेसमेंटमधल्या लॅबमध्ये नाहीतर हायवेला लागलं की रेंज गुल, आणि माणूस कंपनीला शिव्या घालतो. आयफोन, पिक्सेल, सॅमसंगची महागडी मॉडेलं यांच्यात बँड भरपूर असतात, तिथे फार डोकं चालवू नका. बाकी फोनचं पूर्ण मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरची बँडची यादी बघा, नुसतं नाव टाकून नाही, एकाच नावाचा फोन प्रत्येक देशात वेगळा असतो.

आता व्होल्टी. म्हणजे 4जीवरून कॉल. पूर्वी फोनला व्होल्टी जमलं नाही तर कॉल गुपचूप 3जी-2जीवर जायचा, आपल्याला कळायचंही नाही. एटी अँड टीनं फेब्रुवारी 2022 मध्ये 3जी बंद केलं, टी-मोबाईलनं जुलैमध्ये, व्हेरायझननं वर्षअखेर. आता व्होल्टी नाही तर कॉल नाही, नेट जोरात चालेल पण फोन लागणार नाही. आणि फोनमध्ये व्होल्टी असणं पुरत नाही, त्या कंपनीच्या नेटवर्कवर ते चालायला पाहिजे. जिओवर चालतं म्हणून एटी अँड टीवर चालेलच असं नाही. एटी अँड टी तर स्वतःची मान्य फोनची यादीच ठेवते आणि यादीत नसलेल्या मॉडेलला बाजूला काढते. इंडियातून नेलेल्या फोनला टी-मोबाईल किंवा तिच्या नेटवर्कवर चालणारी मिंटसारखी स्वस्त कंपनी त्यातल्या त्यात सोपी जाते. या सगळ्यांच्या साइटवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, टाकून तपासता येतं. *#06# डायल केलं की पंधरा आकडी नंबर येतो, तो टाकायचा, विमानात बसायच्या आधी.

मग ऑस्ट्रेलिया, जपान, युरोप?

ऑस्ट्रेलियात सांभाळून. 28 ऑक्टोबर 2024 पासून टेल्स्ट्रा आणि ऑप्टसनं 3जी बंद करायला घेतलं, व्होडाफोननं त्याआधीच केलेलं, आणि तिथला नियम असा की जो फोन व्होल्टीवरून 000 हा इमर्जन्सी नंबर लावू शकत नाही त्याला कंपनीनं नेटवर्कवर घ्यायचंच नाही. बाहेरून आणलेले काही चांगले चालते फोन त्यात अडकले. जपानमध्येही 3जीचा खेळ आटोपला, केडीडीआयचं 2022 मध्ये, सॉफ्टबँकचं 2024 मध्ये, डोकोमोची शेवटची तारीख 31 मार्च 2026. युरोप आपल्या फोनला सगळ्यात सोपा, बँड बरेचसे जुळतात (1, 3, 8 आणि एन78), फक्त गावाकडच्या कव्हरेजसाठी बँड 20 असला तर बरं.

जपानमध्ये फोन घेणाऱ्यांसाठी जाता जाता: तिकडच्या आयफोनमध्ये फोटो काढताना शटरचा आवाज निदान जपानमध्ये असताना तरी बंद होत नाही, म्हणून स्वस्त मिळाला तरी आधी विचार करा.

ई-सिम घेऊ की साधं सिम?

दोन्ही घ्या, प्रश्न हा आहे की कुठला नंबर कशात. माझं ठाम मत: ट्रे असलेला फोन असेल तर इंडियाचा नंबर साध्या सिमवर ठेवा आणि परदेशातला ई-सिमवर. कारण सांगतो. फोन पडला, फुटला, पाण्यात गेला तर साधं सिम काढून दुसऱ्या कुठल्याही फोनमध्ये टाकलं की ओटीपी सुरू. ई-सिम असेल तर ते नव्या फोनवर परत घ्यावं लागतं आणि त्यासाठी मेसेज त्याच नंबरवर येणार जो आता बंद पडलेल्या फोनमध्ये आहे, आणि तुम्ही बसलाय म्युनिकला, गॅलरी आहे कोथरूडला. तिथल्या कंपनीचं ई-सिम गेलं तर तिथल्या दुकानात जाऊन तासाभरात मिळतं.

ट्रेच नसलेला फोन असेल तर इंडियाचा नंबरही ई-सिमवर न्यावा लागेल, मग ते काम निघायच्या आदल्या रात्री करू नका. सिम बदललं की आपल्याकडे 24 तास एसएमएस बंद ठेवतात, फ्रॉड होऊ नये म्हणून, येणारेही आणि जाणारेही. त्या 24 तासात फॉरेक्स कार्डाचा नाहीतर एअरलाइनचा ओटीपी हवा असला तर बसा. आठवडाभर आधी करा. आणि ई-सिम टाकायचा क्यूआर कोड बहुतेक वेळा एकदाच स्कॅन होतो, तेव्हा 'जुनं ई-सिम डिलीट करून बघू' असले प्रयोग नकोत.

ते एअरालो, होलाफ्लाय वगैरे ॲपवरचं ट्रॅव्हल ई-सिम कसं?

आठ-दहा दिवसांच्या ट्रिपला मस्त. उतरल्या उतरल्या नेट चालू. पण बहुतेक सगळी नुसती डेटाची असतात, नंबर मिळत नाही, त्यामुळे ज्या ॲपला तिथला लोकल नंबर लागतो ते अडतं. आणि जानेवारी 2024 मध्ये आपल्या दूरसंचार खात्यानं या दोन्ही कंपन्यांच्या साइट आणि ॲप भारतात बंद करायला लावले होते, परवानगीच्या कारणावरून, म्हणून ऐनवेळी एअरपोर्टवर बसून ॲप शोधण्याच्या भरवशावर राहू नका.

इंडियाचा नंबर बंद पडू नये म्हणून काय करायचं? सगळे ओटीपी त्याच्यावर आहेत.

हा खरा प्रश्न. तिकडचं सिम रस्त्यावरच्या किराणा दुकानातही मिळतं, इंडियाचा नंबर गेला की बँक, आधार, डिमॅट, पीएफ सगळं एकदम अडतं आणि पॅरिसमधून काही करता येत नाही.

ट्राय म्हणजे मोबाईल कंपन्यांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था, तिचा नियम असा की प्रीपेड नंबर 90 दिवस अजिबात वापरला नाही, म्हणजे कॉल, मेसेज, डेटा, पेमेंट काहीच नाही, तर कंपनी तो काढून घेऊ शकते. खात्यात 20 रुपये बॅलन्स असला तर ते कापून आणखी 30 दिवस मिळतात. पण त्या 20 रुपयांवर नंबर टिकतो फक्त, प्लॅनची मुदत संपली की कंपन्या इनकमिंग बंद करतात आणि ओटीपी येणंही थांबतं, म्हणून नियम वाचून निश्चिंत होऊ नका. निघायच्या आधी लांब मुदतीचं रिचार्ज मारा. ट्रायनं डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला लावले, 365 दिवसांपर्यंतचे, आपल्याला तेच पाहिजेत, रोज दोन जीबी डेटा घेऊन परदेशात काय करणार? संपायची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि घरी एखाद्या मावशीलाही सांगून ठेवा.

मग रोमिंग. इंटरनॅशनल रोमिंग इथे असतानाच चालू करून घ्या, काही कंपन्या त्यासाठी आधी एखादा पॅक मारायला लावतात. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला साधारणपणे पैसे पडत नाहीत, म्हणजे ओटीपी फुकट येतो. पैसे पडतात कॉल उचलल्यावर, आणि सणसणीत पडतात. क्रेडिट कार्ड विकणाऱ्या बाईंचा फोन दुबईत उचललात तर बिल तुमचं. म्हणून इंडियाच्या सिमचं डेटा रोमिंग बंद, मोबाईल डेटा तिथल्या सिमवर, आणि 'गरज पडल्यास दुसऱ्या सिमवरून डेटा वापरा' असा जो पर्याय असतो तो पण बंद. हा शेवटचा लोक विसरतात, तिथल्या सिमची रेंज जरा गेली की फोन हुशारी करून इंडियाच्या सिमवरून नेट ओढायला लागतो.

आयफोनवाल्यांनी आणखी एक, आयमेसेज आणि फेसटाइम चालू होताना फोन न विचारता ब्रिटनच्या नंबरला एक एसएमएस पाठवतो. सिम बदललं की परत. चार-पाच रुपये गेलेले दिसले तर ते तिथे गेले.

गुगल पे, फोन पे तिकडून चालेल?

आधीपासून चालू असलेलं, आणि इंडियाचं सिम फोनमध्ये आहे, तर बहुतेक चालतं, नेट कुठल्याही सिमचं असू दे. अडतं ते नव्यानं सुरू करताना, कारण यूपीआय ॲप तुमच्या नंबरवरून एक एसएमएस बाहेर पाठवून खात्री करतं, आणि रोमिंगमधून तो गेला नाही की गाडी तिथेच. म्हणून परदेशात असताना ॲप काढून परत टाकणे, फोन बदलणे, सिम काढून पाकिटात ठेवणे हे टाळा. कायमचे तिकडे असणाऱ्यांना एनआरई किंवा एनआरओ खात्यावर (परदेशी राहणाऱ्या भारतीयांची इथली बँक खाती) परदेशी नंबरनं यूपीआय घ्यायची सोय 2023 मध्ये झाली, सुरुवातीच्या दहा देशांत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग, यूएई, सौदी, कतार आणि ओमान. तुमची बँक देते का ते तिला विचारा.

सिम बदललं तर व्हॉट्सॲप जाईल का?

सहसा नाही. नवीन सिम टाकल्यावर 'नंबर बदलायचा का' विचारलं तर नको म्हणा, जुन्याच नंबरवर चालू राहतं. फॅमिली ग्रुपवरची गुड मॉर्निंगची फुलं कुठल्याही देशात पोचतात, काळजी नको.

आईबाबा पहिल्यांदाच चाललेत. त्यांना रोमिंग पॅक देऊ की तिथलं सिम?

पंधरा दिवसांच्या टूरला रोमिंग पॅक, डोळे झाकून. महाग वाटतो, पण आईला एअरपोर्टवर ई-सिम टाकायला लावून तुम्ही व्हिडिओ कॉलवर (कुठल्या नेटवरून, सांगा!) सूचना देणार, त्यापेक्षा पाचेकशे रुपये जास्त गेलेले परवडले. महिन्याच्या वर राहणार असतील तर तिथलं सिम. जायच्या आधी एक काम नक्की करा, त्यांच्या फोनमधले सगळे नंबर +91 लावून सेव्ह करा, नाहीतर तिकडून साधा दहा आकडी नंबर फिरवतील आणि 'मावशी उचलतच नाही' म्हणतील.

चीनला जाणाऱ्यांसाठी रोमिंगचा एक वेगळा फायदा आहे. रोमिंगमधला डेटा सहसा आपल्या घरच्या कंपनीकडून फिरून बाहेर पडतो, म्हणून इंडियाच्या सिमवर तिथे व्हॉट्सॲप आणि गुगल चालतं, चायनीज सिमवर किंवा हॉटेलच्या वायफायवर चालत नाही.

जर्मनीचं सिम घेतलं तर पॅरिसला वेगळं घ्यायचं का?

नाही. 15 जून 2017 पासून युरोपियन युनियनमध्ये एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्याच दरानं चालतं. स्वित्झर्लंड त्यात नाही, ब्रिटनही आता नाही, आणि आपल्या लोकांच्या युरोप टूरमध्ये हे दोन नेमके असतातच, तेव्हा प्लॅनमध्ये ती नावं आहेत का बघून घ्या. झुरिकला ट्रेननं चाललात तर बॉर्डरच्या आधी डेटा रोमिंग बंद. जर्मनीत प्रीपेड सिमला 2017 पासून ओळखपत्र तपासतात, ब्रिटनमध्ये तसं काही लागत नाही.

दुबईत व्हॉट्सॲप कॉल का लागत नाही? फोन खराब आहे का?

फोन ठणठणीत आहे. यूएईत व्हॉट्सॲप आणि फेसटाइमचे कॉल बंदच ठेवलेत, मेसेज चालतात. तिथले लोक बोटिम वापरतात, ते परवानगी असलेलं ॲप आहे, घरच्यांच्या फोनवर निघायच्या आधीच टाकून द्या.

फोन अनलॉक आहे, बँड आहेत, तरी इस्तंबूलमध्ये काही महिन्यांनी बंद पडला. असं कसं?

तिथे फोनचीच नोंदणी लागते. बाहेरून आणलेल्या फोनमध्ये टर्कीचं सिम 120 दिवस चालतं, मग तो आयएमईआय ब्लॉक. चालू करायची फी 2025 मध्ये 45 हजार लिऱ्यांच्या वर होती, म्हणजे आपले लाखभर रुपये, त्यात नवीन फोन येईल. इंडोनेशियातही 2020 पासून आयएमईआयची नोंद लागते, बालीला फिरायला जाणाऱ्यांना सिम घेताना 90 दिवसांची तात्पुरती नोंद करून मिळते. दोन्हीकडे बाहेरच्या देशाचं सिम रोमिंगवर असेल तर हे लचांड लागत नाही. शिकायला वगैरे जाणारे मात्र तिथला एक साधा स्वस्त फोन घेऊन त्याचं हॉटस्पॉट वापरतात.

मी बोटीवर असतो. आज सिंगापूर, पंधरा दिवसांनी रॉटरडॅम, मग ब्राझील. काय करू?

रत्नागिरी, रायगड, गोव्याकडून हा प्रश्न हमखास येतो. दोन सिमचा, भरपूर बँडचा फोन घ्या, इंडियाचं सिम एका खणात कायम, दुसऱ्या खणात बंदरागणिक लोकल सिम किंवा अनेक देश मिळून चालणारं ई-सिम. रॉटरडॅमचं सिम अँटवर्प, हॅम्बुर्गला पण चालतं हे वर सांगितलंच.

पण खरी गोम समुद्रातच आहे. क्रूझ आणि मोठ्या बोटींवर सॅटेलाइटवरून चालणारं स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं. किनारा सुटला की फोन आपोआप त्याला जाऊन चिकटतो, ते कुठल्याच देशाचं नसल्यामुळे तुमच्या रोमिंग पॅकमध्ये बहुतेक नसतंच आणि दर ऐकून घाम फुटेल असे असतात. विमानातलंही तसंच. बंदर सुटताना एअरप्लेन मोड, आणि बोटीचं वायफाय वेगळं चालू करा. रोज. त्यात आळस नको.

सिम टाकलं, रेंज फुल, पण नेटच नाही.

दहातल्या नऊ वेळा एपीएन, म्हणजे नेटसाठी फोनमध्ये भरायचं त्या कंपनीचं ठरलेलं नाव. आधीच्या सिमचं सेटिंग तसंच राहिलेलं असतं. तिथल्या कंपनीच्या साइटवरून एपीएनचं स्पेलिंग बघून जसंच्या तसं टाका, फोन बंद-चालू करा. तरी नाही तर नेटवर्क आपोआप न निवडता हातानं निवडून बघा.

सॅमसंगच्या खोक्यावर अमुक देशाचंच सिम असं स्टिकर आहे, मग अनलॉक कसा?

अनलॉकच आहे, फक्त पहिलं सिम ज्या भागात विकला तिथलं टाकून पाच मिनिटं कॉल करावे लागतात, त्यानंतर जगभर चालतो. गिफ्ट म्हणून सीलबंद खोकं नेणारे इथे फसतात. तेव्हा सील फोडा, सिम टाका, काकांना फोन करून पाच मिनिटं बोला, मग बॅगेत भरा.

सेकंडहँड घेतोय, चोरीचा नाही ना ते कसं कळणार?

भारतात केवायएम लिहून, एक जागा सोडून पंधरा आकडी आयएमईआय टाकून 14422 ला एसएमएस करा. केवायएम इंग्रजी अक्षरात लिहा. तुमचा स्वतःचा इथे चोरीला गेला तर संचार साथी पोर्टलवर ब्लॉक करता येतो, मे 2023 पासून देशभर. आणि सिमला पिन लावून ठेवा, नाहीतर चोर फोन न उघडता नुसतं सिम काढून दुसऱ्यात टाकेल आणि ओटीपी त्याला. पिन तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे सिम पुन्हा उघडायचा कंपनीचा कोड, लागतो, तेव्हा पिन लिहून ठेवा, फोनमध्ये नको.

कायमचे परत आलो पुण्याला. अमेरिकेचा नंबर ठेवायचाय, तिकडच्या बँकेसाठी.

तिथे असतानाच गुगल व्हॉइसवर (नेटवरून अमेरिकेचा नंबर चालवणारी गुगलची सेवा) पोर्ट करून टाका, 20 डॉलर एकदाच, नंतर महिन्याचं काही नाही. काही बँका त्या नंबरवर ओटीपी पाठवत नाहीत, तर बँकेत आधी तपासून घ्या. नाहीतर सगळ्यात स्वस्त प्रीपेड प्लॅन ठेवा, वायफाय कॉलिंग तिथेच चालू करा, कारण काही कंपन्या पहिल्यांदा सुरू करताना तिथला पत्ता भरायला लावतात. मग घरच्या वायफायवर टी-मोबाईलसारख्या कंपनीच्या नंबरावरून अमेरिकेत केलेला कॉल तिथल्या तिथे केल्यासारखाच धरतात.